तोंडी भाडेकरू आणि घराचा ताबा

"ओळखीचा माणूस होता, म्हणून कागद केला नाही." घरमालकाच्या तक्रारीची सुरुवात बहुधा याच वाक्याने होते. कुणी शेजाऱ्यांचा भाचा म्हणून, कुणी गावाकडचा म्हणून, तर कुणी बदली होऊन आलेला सज्जन शिक्षक म्हणून दोन खोल्या देऊन टाकतो. भाडे तोंडी ठरते, रोख मिळते, पावती कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. दिवाळीला फराळाची ताटे इकडून तिकडे जातात. मग एक दिवस घरात मुलाचे लग्न ठरते किंवा आजारपण येते आणि त्या खोल्यांची गरज पडते. "पुढच्या मेमध्ये बघू," असे उत्तर दोन-तीन वेळा मिळते आणि शेवटी ऐकावे लागते, "काढायचे तर कायद्याने काढा."

या वेळी आपण अशाच एका प्रश्नाचा विचार करू. नाशिकच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पतीने २००९ साली तळमजल्यावरच्या दोन खोल्या ओळखीच्या एका कुटुंबाला महिना तीन हजार रुपये भाड्याने दिल्या. करार नाही, पावत्या नाहीत. २०२१ मध्ये पती वारले. या भगिनी वरच्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे आणि डॉक्टरांनी जिने चढू नका असे सांगितले आहे. खाली राहायला यावे म्हटले तर भाडेकरू दाद देत नाही. आठ महिन्यांपासून भाडेही थकले आहे. घरच्या आणि शेजारच्या मंडळींनी त्यांना तीन सल्ले दिले. पहिला : "कागदच नाही, तर त्याचा हक्क कसला? पोलिसांना सांगून बाहेर काढा." दुसरा : "बारा वर्षे उलटली, आता घर त्याचेच झाले, गप्प बसा." तिसरा : "तो बाहेरगावी गेला की कुलूप लावा, नाही तर पाणी तोडा." यांतले खरे कोणते, असे त्या विचारतात.

बाई, तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते का चुकीचे आहेत हे आधी नीट समजून घेऊ, म्हणजे बरोबर वाट कोणती हे आपोआप कळेल.

कागद नाही म्हणजे हक्क नाही?

भाडेकरू होण्यासाठी कागद लागतोच असे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वर्षावर्षाचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. पण त्याहून कमी मुदतीचा व्यवहार तोंडी बोलणे आणि जागेचा ताबा देणे एवढ्यानेही पूर्ण होतो. काहीच ठरलेले नसेल तर राहण्याच्या जागेची भाडेदारी महिन्यामहिन्याची समजली जाते, असे कलम १०६ सांगते. म्हणजे ज्याने ताबा घेतला आणि दरमहा भाडे दिले तो भाडेकरू आहे. तो घुसखोर नाही. पोलिसांना त्याला घराबाहेर काढण्याचा अधिकार नाही. हा दिवाणी वाद आहे आणि पोलीस ठाण्यात हेच उत्तर मिळेल.

कागद नसण्याचा तोटा वेगळाच आहे आणि तो घरमालकाला सोसावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेदारीचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते न्यायालय खरे धरते. उलट सिद्ध करण्याचे ओझे घरमालकावर पडते. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. तुम्ही म्हणता भाडे तीन हजार होते. भाडेकरू म्हणतो, "दीड हजार होते आणि मी एक लाख डिपॉझिट दिले आहे." तुम्ही म्हणता अकरा महिन्यांसाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिले होते. तो म्हणतो, "मी कायमचा भाडेकरू आहे." कागद नसेल तर सुरुवातीला त्याचे पारडे जड राहते. मात्र कलमातच 'उलट सिद्ध झाले नाही तर' असे म्हटले आहे. म्हणजे दुसरा पुरावा असेल तर तुमचे म्हणणे मांडण्याचा दरवाजा बंद होत नाही. ताब्याचा दावा लावण्यासही हे कलम आडवे येत नाही. ३१ मार्च २००० पूर्वीच्या जुन्या तोंडी भाडेदाऱ्यांना तर कलम ५५ लागूच होत नाही, कारण ते या कायद्यानंतर झालेल्या करारांसाठी आहे.

बारा वर्षांची भीती

'बारा वर्षे राहिला की मालक झाला' ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि तिच्यापायी पुष्कळ माणसे अकारण झुरत बसतात. बारा वर्षांचा नियम आहे तो मालकी झुगारून, उघडपणे, मालकाच्या विरोधात ताबा ठेवणाऱ्यासाठी. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो. भाडे देणे म्हणजे समोरचा मालक आहे हे मान्य करणे. ज्याच्याकडून घर भाड्याने घेतले तो त्या वेळी मालक नव्हता, असे भाडेदारी चालू असताना भाडेकरूला म्हणता येत नाही. हा पुराव्याच्या कायद्यातला जुना नियम आहे आणि २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. भाडेकरू बारा वर्षे राहो की चाळीस वर्षे, नुसत्या राहण्याने तो मालक होत नाही. बारा वर्षांच्या मुदतीचा संबंध येतो तो भाडेदारी कायदेशीर रीतीने संपवल्यानंतर. तेव्हापासून बारा वर्षांत ताब्याचा दावा लावावा लागतो. म्हणून एकदा नोटीस दिल्यावर वर्षानुवर्षे हातावर हात ठेवून बसू नये, एवढेच त्यातून घ्यायचे.

पती वारल्यामुळेही काही बिघडलेले नाही. मालकी वारसांकडे येते आणि भाडेदारी तीच पुढे चालू राहते. घरावर पत्नी व मुले यांची सामाईक मालकी असेल आणि इतरांची हरकत नसेल, तर एक सहमालकही ताब्याचा दावा लावू शकतो. तरीही सर्वांच्या सह्या घेतलेल्या बऱ्या. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आणि घरपट्टीच्या बिलावर वारसांची नावे आधी लावून घ्या. न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही कोण.

कुलूप लावले तर?

तिसरा सल्ला सर्वांत धोक्याचा आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे, ज्याला कायद्याची रीत न पाळता जागेतून काढले तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच निघत नाही. तो आत होता आणि त्याला जबरीने काढले, एवढे पुरते. मुंबईतल्या एका उपाहारगृहाच्या प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परवान्याची मुदत संपलेल्या माणसालाही कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढता येत नाही. मग भाडेकरूला कसे काढता येईल?

पाणी आणि वीज तोडण्याचेही तेच. भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ घरमालकाला आवश्यक सेवा तोडण्यास मनाई करते. भाडेकरूने अर्ज केला तर न्यायालय ती चालू करण्याचा हुकूम देते, आणि सेवा तोडणे हा गुन्हाही आहे. सामान रस्त्यावर टाकले तर फौजदारी तक्रार ओढवते ती निराळीच. ज्या घरमालकाची बाजू मुळात भक्कम होती, तो एका कुलपापायी आरोपी होऊन बसतो आणि खरा दावा बाजूला राहतो. रागाच्या भरात उचललेले हे पाऊल पुढची कित्येक वर्षे महागात पडते.

मग घर परत कसे मिळते?

इथे एक गोष्ट मनाशी पक्की करावी. जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, तिथे 'घर माझे आहे आणि मला ते हवे आहे' एवढे कारण पुरत नाही. भाडेकरू भाडे देतो आहे किंवा द्यायला तयार आहे तोवर त्याला सहसा काढता येत नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांपैकी एखादे दाखवावे लागते. ही कारणे मुख्यतः कलम १५ आणि १६ मध्ये आहेत. सर्वसामान्य कुटुंबाला उपयोगी पडणारी कारणे अशी :

* भाडे थकणे.
* मालकाला स्वतःला किंवा कुटुंबाला राहण्यासाठी जागेची खरी आणि वाजवी गरज असणे.
* मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे.
* लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे किंवा जागेची नासधूस करणे.
* शेजाऱ्यांना उपद्रव देणे किंवा जागेचा बेकायदा वापर करणे.
* दाव्यापूर्वी सलग सहा महिने, सबळ कारण नसताना, ज्या कामासाठी जागा दिली त्यासाठी ती न वापरणे.
* दुरुस्तीसाठी किंवा पाडून नवे बांधण्यासाठी जागा रिकामी होणे आवश्यक असणे.

या भगिनींच्या बाबतीत दोन कारणे दिसतात, थकलेले भाडे आणि स्वतःची गरज. दोन्ही एकाच दाव्यात मांडता येतात. पण दोन्हींचे स्वभाव वेगळे आहेत.

थकलेल्या भाड्याचे कारण वरवर सोपे वाटते, पण त्यात भाडेकरूला सावरायची संधी दोनदा मिळते. आधी थकबाकीची लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवस थांबावे लागते. त्यापूर्वी लावलेला दावा टिकत नाही. दावा लावल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढे निकालापर्यंत भाडे भरत राहिला, तर या कारणावर त्याला काढता येत नाही. तेव्हा या वाटेने थकलेले पैसे बहुधा मिळतात. घर मिळेलच असे नाही.

यावरून एक महत्त्वाची सूचना. भाडेकरू भाडे देऊ लागला तर रागाने परत करू नका. 'घेतले तर त्याचा हक्क पक्का होईल' या भीतीने लोक पैसे नाकारतात आणि 'मी द्यायला तयार होतो, मालकच घेत नव्हते' हे म्हणण्याची सोय भाडेकरूला करून देतात. पैसे घ्या आणि 'आमचे सर्व हक्क राखून' अशी नोंद करून पावती द्या. मागितलेली भाडेपावती देणे हे कलम ३१ प्रमाणे मालकाचे कर्तव्यच आहे, न देणे दंडनीय आहे. आज दिलेली पावती उद्या तुमच्याच कामी येते, कारण त्यावर भाड्याचा आकडा आणि त्याची सही असते.

गरज खरी असेल तर

या भगिनींचे बळ आहे ते दुसऱ्या कारणात. न्यायालय पाहते ते एवढेच की गरज मनापासूनची आणि वाजवी आहे की भाडे वाढवून घेण्याचा बहाणा आहे. वर चार खोल्या आहेत, मग त्यांतच राहा, असे भाडेकरू मालकाला सुनावू शकत नाही. आपल्या घराचा वापर कसा करावा हे मालकानेच ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. जिने चढता येत नाहीत, म्हणून तळमजला हवा, ही तर उघड दिसणारी गरज आहे. त्यासाठी ऑपरेशनचे कागद, डॉक्टरांचे लेखी मत आणि घराचा साधा नकाशा जोडावा. शक्य असेल तर डॉक्टरांची साक्ष घ्यावी.

पण इथे तराजूत दुसरे पारडेही आहे. कलम १६ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे न्यायालय दोघांच्या अडचणींची तुलना करते. घर सोडावे लागल्याने भाडेकरूची होणारी ओढाताण मालकाच्या अडचणीहून मोठी असेल तर ताबा मिळत नाही. भाडेकरूचे त्याच गावात दुसरे घर आहे का, त्याने दुसरी जागा शोधण्याचा प्रयत्न केला का, त्याची मिळकत किती, घरात लहान मुले व म्हातारी माणसे किती, हे सारे विचारले जाते. दोन खोल्यांपैकी एका खोलीने दोघांचीही अडचण भागत असेल, तर न्यायालय एका खोलीपुरताच हुकूम देऊ शकते. तेव्हा भाडेकरूने गावात फ्लॅट घेतला असेल, तर त्याच्या नोंदणीची माहिती आधीच काढून ठेवावी. अशा एका कागदाने हे पारडे पुष्कळदा फिरते.

गरजेचे कारण खोटे सांगू नये. ताबा मिळाल्यावर महिन्याभरात तुम्ही तिथे राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्याला भाड्याने दिलीत, तर जुना भाडेकरू अर्ज करून जागा परत मागू शकतो. कलम १७ त्याच्यासाठीच आहे.

पुरावा कशाचा?

करार नसला तरी व्यवहाराच्या खुणा राहिलेल्या असतात. त्या शोधाव्या लागतात. बँकेच्या पासबुकात दरमहा जमा झालेली रक्कम, जुने चेक, मनिऑर्डरच्या जुन्या पावत्या, भाडे लिहिलेली पतीची डायरी, भाडेकरूच्या नावावरचे वीजबिल किंवा गॅसचे कार्ड, पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती, सोसायटीला दिलेले पत्र, आयकर विवरणात दाखवलेले घरभाडे, हे सारे पुरावे आहेत. भाड्याबद्दल मोबाइलवर झालेले संदेशही चालतात. मात्र न्यायालयात दाखल करताना त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोन जपून ठेवावा. जागा देताना हजर असलेला शेजारी हा चांगला साक्षीदार असतो.

हातात काहीच नसेल तर नोटिशीपासून सुरुवात करा. नोटिशीत जागेचे वर्णन, भाडेदारी कधीपासून, भाडे किती, थकबाकी कोणत्या महिन्यापासून आणि ताबा कोणत्या कारणासाठी हवा, हे स्पष्ट लिहावे. भाडेकरूने उत्तर दिले, तर त्यात तो बहुधा स्वतःच 'मी भाडेकरू आहे आणि भाडे इतके आहे' असे लिहितो. आपल्याला हवा असलेला कागद असा समोरूनच मिळतो. आपण ज्याला 'रजिस्टर ए.डी.' म्हणत होतो ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. म्हणून नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पावती व नक्कल जपून ठेवावी.

आता एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेदारी संपवण्याची जी रीत मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, ती भाडे नियंत्रण कायद्याच्या जागेसाठी पुरेशी नाही. अशा जागेच्या दाव्याआधी ती नोटीस सक्तीचीही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरवले आहे. मात्र थकबाकीसाठी नव्वद दिवसांची नोटीस हवीच. याउलट जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, तिथे पंधरा दिवसांची नोटीस आणि मग दावा, एवढे पुरते. आपले गाव कायद्याच्या अनुसूचीत आहे का हे वकिलांकडून पाहून घ्यावे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांनाही महाराष्ट्रात या कायद्याचे संरक्षण नाही.

दावा कुठे आणि किती दिवस?

मुंबईत आणि पुण्यात लघुवाद न्यायालयात, आणि नाशिकसारख्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीशांकडे दावा दाखल होतो. निकालावर तीस दिवसांत अपील करता येते. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांपुढे आणि इतरत्र जिल्हा न्यायालयात चालते. त्यानंतर उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. वेळ लागतो हे लपवण्यात अर्थ नाही. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स असते तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन कलम २४ खाली झटपट ताबा मागता आला असता. तोंडी व्यवहारात ती सोय हातून जाते. लेखी कराराची खरी किंमत ही आहे.

तरीही काही आधार आहेत. ज्येष्ठ नागरिक असल्यास दावा लवकर चालवावा म्हणून अर्ज करता येतो. ताब्याचा हुकूम झाल्यावर भाडेकरूने अपिलात स्थगिती मागितली, तर न्यायालय त्याला बाजारभावाच्या जवळपास जाणारी भरपाई भरण्याची अट घालू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हे तत्त्व घालून दिल्यापासून नुसते तारखा लांबवत बसणे भाडेकरूला पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर लक्षात ठेवा : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे साधा अर्ज पुरतो.

नातेवाईक राहायला आले असतील तर

पुष्कळ पत्रांत राहणारा माणूस भाडेकरू नसतोच. दिराला, भाच्याला किंवा राखणदाराला भाडे न घेता राहायला दिलेले असते. तिथे भाडे नियंत्रण कायद्याचा प्रश्न येत नाही. गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावात चाललेल्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राखणदार, नोकर किंवा प्रेमापोटी राहू दिलेला नातेवाईक कितीही वर्षे राहिला तरी त्याला त्या जागेत हक्क मिळत नाही. परवानगी काढून घेतल्याची नोटीस द्यावी, निघण्यास वाजवी मुदत द्यावी आणि न निघाल्यास दावा लावावा. मात्र अशा नातेवाइकाकडून 'घरखर्चाला' म्हणून दरमहा ठराविक रक्कम घेऊ नका. उद्या तीच रक्कम भाडे म्हणून पुढे केली जाते.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी

भाड्याचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. दिल्लीत १९५८ चा कायदा आहे आणि महिना साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाडे असलेल्या जागांना तो लागू होत नाही. गोव्यात १९६८ चा कायदा आहे. तामिळनाडूने २०१७ मध्ये आणि उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये नवे कायदे केले. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेदारी कायदा हा नमुना आहे. राज्याने तो स्वीकारून स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो तिथे लागू होत नाही. कुलूप लावू नये, पैसे पावती देऊन घ्यावेत, पुरावा जपावा, या गोष्टी मात्र सगळीकडे सारख्याच.

समेट हाही मार्ग

दावा लावण्याआधी किंवा लावल्यावर एकदा समोरासमोर बसून पाहा. भाडेकरूलाही मुलांची शाळा, नोकरीचे ठिकाण आणि नव्या घराचे डिपॉझिट यांची चिंता असते. शाळेचे वर्ष संपेपर्यंत मुदत, थकबाकीतली थोडी सूट किंवा सामान हलवण्याचा खर्च एवढ्यावर बरीच भांडणे मिटतात. पण हा समेटही तोंडी ठेवू नका. दावा चालू असेल तर तडजोडीच्या अटी न्यायालयात दाखल करा, किंवा लोकअदालतीत प्रकरण न्या. लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही.

आणि यापुढे खोली द्यायची असेल, मग ती सख्ख्या मावशीच्या जावयाला का असेना, लेखी करार करा आणि तो नोंदवा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात २००० सालापासून चुकीची आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार आता ऑनलाइनही नोंदवता येतो. मुदत, रक्कम, डिपॉझिट, वीज-पाण्याचा खर्च आणि खोलीत असलेल्या वस्तूंची यादी एवढे लिहिलेले असले की पुढे भिडेचा प्रश्न उरत नाही. कागद केल्याने ओळख तुटत नाही. न केल्याने मात्र कित्येक चांगल्या ओळखी न्यायालयाच्या व्हरांड्यात येऊन संपल्या आहेत.

(या सदरातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. नोटीस देण्यापूर्वी आपली कागदपत्रे जवळच्या वकिलांना किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अवश्य दाखवावीत.)